यादीबाहेरची माणसे

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या पेटीतून एक लाल कापडी पुठ्ठ्याचे हजेरीपुस्तक हाती आले. शाळेत आपण वापरतो तसलेच ते. पण त्यात विद्यार्थ्यांची नावे नाहीत. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात ‘चैत्र शुद्ध प्रतिपदा, दि. २५ मार्च २०२०’ असे लिहिलेले असून त्याखाली अनुक्रमांक, नाव, घरातील माणसे, शिधापत्रिका, आधार क्रमांक आणि सही असे रकाने आखलेले आहेत. “अहो, हे अजून ठेवायचंय का?” सौभाग्यवतीने विचारले. मी नुसतेच “असू दे” म्हटले. रद्दीत टाकवत नाही असे त्या पुस्तकात काय आहे, ते आपल्या मासिकाच्या वाचकांपुढे ठेवावे असे पुष्कळ दिवसांपासून मनात होते. आज ते धाडस करीत आहे.

तो पाडवा वाचकांना स्मरत असेलच. २२ मार्चच्या रविवारी ‘जनता कर्फ्यू’ झाला, त्याच संध्याकाळी तेलंगण सरकारने राज्यात टाळेबंदी जाहीर केली आणि पाडव्याच्या दिवशी सारा देश बंद झाला. आमच्या काचीगुड्याचे रेल्वे स्थानक म्हणजे नांदेड-परभणीकडून येणाऱ्या माणसाचे हैदराबादेतले पहिले पाऊल. त्या स्थानकाची घोषणा रात्री अंथरुणात ऐकू यावी आणि तिच्या सोबतीने झोप लागावी, अशी आमच्या दोन पिढ्यांची सवय. ती घोषणा थांबली. गुढ्या उभारल्या गेल्या. पण एकमेकांच्या घरी कोणी कडुनिंब-गूळ घेऊन गेले नाही.

मोहल्ल्यातील मराठी माणसांत सर्व थरांचे लोक आहेत. कोणी बँकेतून निवृत्त झालेले, कोणाची मुले अमेरिकेत. तर कोणी चार घरच्या पोळ्या लाटणाऱ्या, कोणी शिंपीकाम करणारे, कोणी खानावळ चालविणारे, कोणी भिक्षुकी करणारे. रोज कमवावे आणि रोज चूल पेटवावी अशा घरांची मिळकत एका रात्रीत बंद झाली. भिक्षुकांचे तर वर्षाचे पीकच गेले. कारण चैत्र-वैशाखातली लग्ने आणि मुंजी याच त्यांच्या सुगीच्या गोष्टी.

सरकारने आपल्या परीने पुष्कळ केले, हे येथे नमूद केले पाहिजे. पांढऱ्या शिधापत्रिकेवर माणशी १२ किलो तांदूळ फुकट आणि कुटुंबामागे १,५०० रुपये देण्यात आले. परप्रांतीय मजुरांना माणशी १२ किलो तांदूळ व ५०० रुपये मिळाले. महापालिकेच्या ‘अन्नपूर्णा’ केंद्रांवर एरवी ५ रुपयांना मिळणारे जेवण त्या दिवसांत विनामूल्य झाले. आम्हा सरकारी नोकरांचा मार्चचा पगार निम्माच हाती आला. पण निम्मा का होईना, तो आला. ज्यांना काहीच येणार नव्हते अशांची आठवण आम्हांला त्या निम्म्या पगाराने करून दिली, असे म्हटले तरी चालेल.

आमच्या भागातील मराठी मंडळ हे गणेशोत्सव, व्याख्याने आणि कोजागिरी एवढ्यापुरते हलणारे मंडळ. पाडव्याच्या संध्याकाळी सात-आठ जण दूरध्वनीवरच एकत्र बोललो आणि शिध्याच्या पिशव्या द्यायचे ठरले. पाच किलो तांदूळ, पाच किलो कणीक, दोन किलो तूरडाळ, एक लिटर गोडेतेल, साखर, चहा, मीठ, तिखट आणि साबण, असा एका कुटुंबाचा पंधरवड्याचा हिशेब झाला. किराणा दुकानदाराने घाऊक भावात माल दिला. ओळखीच्या एका रिक्षावाल्या खानभाईंना पोलिसांचा पास मिळवून दिला. आणि यादी करण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. मुख्याध्यापकाइतके नावे लिहिण्याचे काम दुसऱ्या कोणाला येणार?

मी ते काम माझ्या स्वभावाप्रमाणे केले. वर सांगितलेले रकाने आखले. पिशवी घेताना आधार क्रमांक सांगावा, सही किंवा अंगठा करावा आणि पिशवीसह छायाचित्र काढू द्यावे, असा नियम केला. देणगीदार दूर होते, काही परदेशात होते. पैशापैशाचा हिशेब त्यांना दिसला पाहिजे, हा माझा आग्रह. त्यात मला काही वावगे वाटले नाही. सरकारी शाळेत आयुष्य घालविलेल्या माणसाला नोंद नाही तर गोष्टच नाही, असे वाटू लागते.

पहिले वाटप मंडळाच्या सभागृहाबाहेर झाले. खडूने आखलेल्या वर्तुळांत अंतर राखून माणसे उभी होती. मी टेबलाशी पुस्तक घेऊन बसलो होतो आणि एक तरुण कार्यकर्ता मोबाइलवर छायाचित्रे घेत होता. रांगेच्या शेवटी मला आमचे गुरुजी दिसले. माझ्या वडिलांचे सारे दिवसकार्य त्यांनीच केले होते. वय सत्तरीच्या आसपास, अंगावर धुतलेले धोतर, खांद्यावर उपरणे आणि काखेत घडी केलेली कापडी पिशवी. त्यांची पाळी यायला चार माणसे उरली असतील, तेव्हा त्यांनी त्या मोबाइलकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. वर्तुळातून बाहेर येऊन ते लांबूनच म्हणाले, “सर, सगळी मंडळी खुशाल आहात ना? एवढंच विचारायला आलो होतो.” आणि ते निघून गेले.

काखेतली पिशवी मी पाहिली होती. हे कबूल केल्यावाचून या लेखाला काही अर्थ नाही. मी ती पाहिली, आणि ‘संध्याकाळी बघू’ असे मनाशी म्हणून पुढचे नाव पुकारले. संध्याकाळी हिशेब जुळविण्यात गुंतलो. दुसऱ्या दिवशी दुसरी कामे निघाली. अशा रीतीने नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी खानभाई औषधांच्या पुड्या पोचवून परत आले, तेव्हा म्हणाले, “सर, वो पंडितजी के घर में चूल्हा नई जल रा. बाजू के घर में दवा देने गया था, देखके आया.” रिक्षावाल्याला जे दिसले ते यादी करणाऱ्याला दिसले नव्हते.

मी त्यांच्याच रिक्षातून गौळीगुड्याच्या त्या जुन्या वाड्यात गेलो. चूल अगदीच बंद नव्हती. दोघे म्हातारा-म्हातारी दिवसातून एकदा तांदळाची पेज करून पीत होती. कारण गॅस संपत आला होता आणि नवा सिलिंडर घ्यायला पैसे नव्हते. पांढरी शिधापत्रिका त्यांच्याकडे नव्हती. परगावी नोकरीला असलेल्या मुलाची मिळकत एके काळी बरी होती म्हणून ती मिळाली नव्हती, आणि आता त्या मुलाचीच नोकरी गेली होती. काकूंनी मला बिनदुधाचा चहा दिला. मी मान खाली घालून तो घेतला.

“गुरुजी, रांगेतून का परत गेलात?” मी विचारले.

“सर, मला मागायची लाज नाही,” ते शांतपणे म्हणाले. “लहानपणी मी वार लावून जेवलोय. सात वार, सात घरं. पण त्या घरांतून मी पानावर बसलो की बाहेरचं दार लोटून घेत. तुमच्या मंडळानं दार उघडं टाकून वर दिवा लावला. उद्या ज्या घरी पूजेला जायचं, त्या घरी माझं ते चित्र आधीच पोचलेलं असणार. मग पाटावर बसून आशीर्वाद कुठल्या तोंडानं देऊ?”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले. वाराने जेवण आणि माधुकरी या आपल्याकडच्या जुन्या रीती. त्यांतही मानहानीचे प्रसंग कमी नव्हते, आणि त्या रीती पुष्कळशा एका जातीपुरत्या होत्या हेही खरे. पण भुकेल्याला वाढताना त्याचा चेहरा चारचौघांत मिरवायचा नाही, एवढी जाण त्यांतल्या चांगल्या घरांना होती. मी मात्र हिशेबाच्या नादात ती विसरलो होतो.

त्या रात्री मंडळाची बैठक पुन्हा दूरध्वनीवर झाली. छायाचित्रे बंद करावीत, या सूचनेला फारसा विरोध झाला नाही. देणगीदारांना दुकानदाराच्या पावत्या आणि पिशव्यांची संख्या कळवावी, असे ठरले. वाद झाला तो दुसऱ्याच प्रश्नावर. माझ्या शाळेत मध्यान्ह भोजन शिजविणारी एक बाई होती. शाळा बंद झाल्यापासून तिचे काम थांबले होते. ती तेलुगू भाषिक. तिचे नाव मी सुचविले, तेव्हा एक सद्गृहस्थ म्हणाले, “मंडळ मराठी माणसांचं आहे. आपलीच माणसं पुरी पडत नाहीत, तिथं आणखी किती जणांना पुरणार?” हा प्रश्न दुष्टपणाचा नव्हता. पैसा थोडा होता आणि टाळेबंदी किती लांबेल हे कोणालाच ठाऊक नव्हते.

त्या वेळी मंडळातील एका वृद्ध सभासदांनी कोरंटीची गोष्ट काढली. नल्लाकुंट्याचा साथीच्या रोगांचा सरकारी दवाखाना हैदराबादेत ‘कोरंटी दवाखाना’ म्हणूनच ओळखला जातो. सरकारदप्तरी त्याला सर रोनाल्ड रॉस यांचे नाव आहे, कारण मलेरियाचा जंतू डासात असतो हा शोध त्यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी येथेच, सिकंदराबादेत लावला. पण लोकांच्या तोंडी बसली ती कोरंटी. मूळ शब्द ‘क्वारंटाइन’. इटालियन भाषेत चाळीसला जो शब्द आहे त्यावरून तो आला, कारण साथीच्या काळात जहाजांना बंदराबाहेर चाळीस दिवस थांबवून ठेवीत. “आमची आजी सांगायची,” ते म्हणाले, “की घरात कुणाला ताप आला तर लोक दार लावून घेत. नाव लिहिलं गेलं की माणूस कोरंटीत गेला, एवढंच त्यांना कळे.”

पुण्यात १८९७ च्या प्लेगात हेच झाले. घरझडतीच्या धास्तीने लोक रोगी लपवीत. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी काय केले, ते मी बैठकीत सांगितले. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई स्वतः रोगी शोधून तेथे आणीत. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचविले. त्यातच त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. यादीत नाव येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. ज्याच्याकडे कोणी जात नव्हते त्याच्याकडे त्या गेल्या. आपल्याला तेवढे बळ नसेल. पण वाट तरी तीच धरावी, असे मी म्हणालो. अखेर तोडगा निघाला तो साधा होता. जो आपल्या माहितीतला आहे आणि अडचणीत आहे, तो आपला. मग त्याची भाषा कोणतीही असो. पैसे कमी पडले तर पिशवी लहान करावी, माणूस कमी करू नये. डाळ दोन किलोंऐवजी दीड किलो झाली.

तेव्हापासून कामाची रीत बदलली. सभागृहाबाहेरची रांग बंद झाली. खानभाई आणि दोन तरुण पहाटे पिशव्या घेऊन निघत, दाराशी ठेवून कडी वाजवीत आणि पुढे जात. पुस्तकातले आधार आणि सहीचे रकाने रिकामे राहू लागले. आतापर्यंत लोकांनी येऊन आपली नावे सांगावीत अशी पद्धत होती. आता आम्ही दूधवाला, औषधांचा दुकानदार, पोळ्या लाटणाऱ्या बाई आणि खानभाई यांना विचारू लागलो, “सध्या कोण दिसेनासं झालंय?” त्या एका प्रश्नातून जी नावे निघाली, ती माझ्या पहिल्या यादीत एकही नव्हती. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी खोली घेऊन राहिलेली आणि खानावळ बंद पडल्याने बिस्किटांवर दिवस काढणारी मराठवाड्याची तीन मुले त्यांत होती. दुकान बंद झालेला एक शिंपी होता. पेन्शनचे पैसे बँकेत असूनही ते काढायला जाता येत नव्हते अशा एक आजी होत्या. आणि माझ्या शाळेतली स्वयंपाकीण होती.

गुरुजींना नुसती पिशवी देऊन भागणार नव्हते. एकटे राहणारे आमच्या भागातले बावीस वृद्ध होते. त्या सर्वांना रोज सायंकाळी दूरध्वनी करून विचारपूस करण्याचे काम गुरुजींनी करावे, अशी विनंती मंडळाने केली आणि त्याबद्दल दरमहा मानधन ठरविले. ते लगेच तयार झाले. त्यांनी त्या बावीस जणांची नावे एका वहीत तिथिवार मांडली. कोणाला औषध हवे, कोणाला नुसते बोलायला हवे, हे त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळे. कित्येकांना ते एकादशीची आठवण करून देत. बावीसही जण त्या दूरध्वनीची वाट पाहत.

येथे एक दुःखाची गोष्ट सांगितली पाहिजे. २०२१ च्या एप्रिलात दुसरी लाट आली, ती पहिलीपेक्षा भयंकर होती. आता धान्यापेक्षा अधिक गरज होती ती विलगीकरणातल्या घरांना डब्याची, रुग्णाला दवाखान्यात नेणाऱ्या वाहनाची आणि बोटाला लावून प्राणवायू मोजणाऱ्या ऑक्सिमीटरची. मंडळाने सहा ऑक्सिमीटर घेतले. आकडा ९४ च्या खाली गेला तर लगेच डॉक्टरांना कळवायचे, हे गुरुजी सर्वांना पाठ करून सांगत. त्या बावीस जणांत बरकतपुऱ्यात एकट्या राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. मुलगा परदेशी. “बाई, कशा आहात?” असे गुरुजी रोज विचारीत आणि “मी अगदी खुशाल आहे, माझी काळजी करू नका” असे त्या रोज सांगत. पाचव्या दिवशी त्यांनी दूरध्वनी उचलला नाही. दार उघडून घेतले तेव्हा अंगात ताप होता आणि ऑक्सिमीटरचा आकडा ७८ होता. दवाखान्यात खाट मिळविली. पण तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. मुलाला येता आले नाही. गुरुजींनी स्मशानाबाहेर उभे राहून दूरध्वनीवर मंत्र सांगितले आणि तिकडे त्या मुलाने ते म्हटले.

त्या रात्री गुरुजी मला म्हणाले, “सर, माझंच चुकलं. ‘कशा आहात’ म्हटल्यावर भल्या घरची बाई ‘बरी आहे’ असंच म्हणणार. रांगेतून परत फिरताना मी तुम्हांला काय सांगितलं होतं? तेच त्यांनी मला सांगितलं, आणि मला ते ओळखता आलं नाही.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रश्न बदलला. “आज काय जेवलात?” “कालची भाजी कोणती होती?” “जिना उतरताना धाप लागली का?” असे ते विचारू लागले. जेवणाबद्दल सहसा कोणी खोटे बोलत नाही. आणि बोललेच, तर ते आवाजात कळते. १२ मे २०२१ पासून राज्यात पुन्हा टाळेबंदी झाली. प्रारंभी सकाळी सहा ते दहा एवढीच मोकळीक होती. त्या साडेपाच आठवड्यांत या नव्या प्रश्नांनी आम्हांला चार माणसे वेळेवर सापडली. चौघेही आज हयात आहेत.

याच दिवसांत एके सकाळी भाजीच्या हातगाडीमागे माझा एक जुना विद्यार्थी दिसला. तो एका खासगी शाळेत गणित शिकवी. शाळा बंद आणि पगारही बंद. राज्य सरकारने एप्रिल २०२१ पासून खासगी शाळांतील शिक्षकांना महिना २,००० रुपये आणि २५ किलो तांदूळ देण्यास प्रारंभ केला होता, त्याचा त्याला आधार झाला होता. तरी मला पाहून त्याने तोंड फिरविले. आता मला शहाणपण आलेले होते. मी त्याची चौकशी केली नाही. दोन किलो कांदे घेतले, पैसे दिले आणि म्हटले, “दहावीच्या चार मुलांना गणित अडलंय, फोनवरून शिकवशील का? मंडळ फी देईल.” त्याने कांदे पुन्हा तराजूत घातले, आणखी दोन टाकले आणि म्हणाला, “शिकवतो, सर.”

साथ सरली. मंडळ पुन्हा गणेशोत्सव आणि कोजागिरीकडे वळले. मात्र गुरुजींची ती वही चालू राहिली. रोजचा दूरध्वनी आता दर रविवारी होतो, आणि त्यांच्या मदतीला दोन तरुण मुली आहेत. दर पाडव्याला गुरुजी पाच किलो तांदूळ घेऊन मंडळात येतात आणि न बोलता कोठीत ठेवून जातात. त्याची पावती कोणी फाडत नाही.

आपल्या समाजाच्या संस्था गावोगावी आहेत. त्यांच्याकडे सभासदांच्या, देणगीदारांच्या, गुणवंत विद्यार्थ्यांच्या याद्या असतात. माझी एवढीच विनंती की, बरे दिवस आहेत तोवर प्रत्येक संस्थेने आणखी एक वही करावी. आपल्या भागात एकटे कोण राहते, रोजच्या कमाईवर कोण आहे आणि अडचण आली तरी तोंड उघडणार नाही असे कोण आहे, हे तीत लिहून ठेवावे. ही माहिती संकटाच्या दिवशी गोळा करता येत नाही. आणि ती आपल्यापेक्षा दूधवाल्याला व रिक्षावाल्याला अधिक असते.

ते लाल पुस्तक मी पुन्हा माळ्यावर टाकले नाही. माझ्या टेबलाच्या खणात ठेवले आहे. त्यात एकशे सदतीस नावे आहेत. गुरुजींचे नाव त्यांत आजही नाही.